डेअरीच्या पडद्यावरचे ठिपके

तीन माणसं एका खोलीत दिवसभर एकाच पडद्याकडे बघत बसली की किस्से होणारच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना डेटा आपोआप पुसायची सोय आहे, नाहीतर डिस्क भरते. किस्से मात्र कुणी पुसत नाही. डबे उघडले की ते पुन्हा बाहेर येतात.

मी नगरला एका डेअरीत काम करते. जिल्हाभर आमची दूध संकलन केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रावर काटा, कॉम्प्युटर, दुधाच्या टाकीचं तापमान मोजणारं यंत्र आणि हे सगळं नगरशी जोडणारी राउटरची पेटी. ही यंत्रं जिवंत आहेत का, हे सॉफ्टवेअर सतत विचारत असतं. उत्तर आलं तर हिरवा ठिपका, नाही आलं तर लाल. खोलीत आमचे साहेब गुंजाळ सर, फिल्डवर फिरणारे रफिकभाई आणि पडद्यासमोर मी.

* * *

सॉफ्टवेअर नवीन होतं तेव्हा कंपनीने दिलेलीच सेटिंग होती. एका हाकेला ओ आली नाही की लगेच एसएमएस. खेड्यातल्या लाइनचा घडीघडीला डोळा लागणार, आणि सगळे एसएमएस सरांच्या फोनवर.

त्यात सरांच्या पुतणीचा साखरपुडा आला. सर पाहुण्यांत बसलेले आणि खिशात फोन थरथरतोय. मला वाईट वाटलं. तीनदा हाक मारूनही ओ आली नाही तरच मेसेज जावा, अशी सेटिंग करता येते. मी फोन लावला. "सर, बदलते मी. दहा मिनिटांत फोन शांत होईल."

सर हळू आवाजात म्हणाले, "जेवणं होईपर्यंत राहू दे. मुलाकडचे बघताहेत. त्यांना वाटतंय, सगळा जिल्हा माझ्यावरच चालतो."

* * *

यंत्रं किती आहेत त्यावर सर्व्हर केवढा लागणार आणि लायसन्स केवढं घ्यायचं हे ठरतं. सरांनी अंदाजाने आकडा सांगितला. मग आम्ही सॉफ्टवेअरला यंत्रं शोधायला लावलं, तर ते सोनईच्या केंद्रावरच अडकून बसलं. तिथे पाच-सहा यंत्रं असायला हवीत, पण सापडायचं थांबेना. ढीगभर मोबाईल, दोन टीव्ही, गाणी वाजवणारा एक स्पीकर. लायसन्स सोनईतच संपायची वेळ आली.

रफिकभाई गाडी काढून गेले. केंद्राला लागून एका मावशींचं चहाचं हॉटेल होतं. केंद्रातल्या कुणीतरी त्यांना वायफायचा पासवर्ड दिला होता, आणि मावशींनी तो गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी पेंटरकडून भिंतीवर रंगवून घेतला होता.

रफिकभाईंनी पासवर्ड बदलला आणि मावशींना समजावलं की तुमचा टीव्हीसुद्धा आम्हाला नगरला दिसत होता.

मावशी म्हणाल्या, "मंग मागल्या महिन्यात आठ दिस बंद पडला हुता, तवा का न्हाई आलात?"

* * *

काष्टीच्या केंद्रावर कोकाटे म्हणून मॅनेजर आहेत. त्यांचा फोन आला. "मॅडम, लाइन लई सुस्त हाय. दुधाची पावती निघंना. लोकं कॅन घेऊन रांगंत उभी हायेत."

मी ग्राफ बघितला. लाइन खरोखर भरलेली होती, पण दुधाच्या कामाने नाही, आमच्याच प्रश्नांनी. उत्साहाच्या भरात मी प्रत्येक यंत्राला दर काही सेकंदांनी विचारायला लावलं होतं. जिवंत आहेस का, गरम झालास का, जागा किती उरली. तिथली बारीक लाइन उत्तरं देऊनच दमली होती. मी दोन प्रश्नांमधलं अंतर वाढवलं, तशा पावत्या धडाधड निघाल्या.

कोकाट्यांना मी खरं कारण सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्या मंडळीचं ऑपरेशन झाल्तं तवा असंच झालं. अख्खा गाव 'बरं हाय का' म्हनून विचारायला आला. ती बिचारी बरीच हुती. बोलून बोलून आजारी पडली."

* * *

पुढे अलर्ट रफिकभाईंच्या फोनवर जायला लागले. रमजानात संध्याकाळी त्यांना निवांत रोजा सोडता यावा, म्हणून सरांनी त्या वेळचे अलर्ट स्वतःच्या फोनवर वळवून घेतले. पहिल्याच संध्याकाळी एक केंद्र बंद पडलं. सरांनी तिथल्या माणसाला फोनवरून बरंच मार्गदर्शन केलं. ही वायर काढा, ती लावा.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई दुपारी उशिरा ऑफिसात आले. म्हणाले, "सर, आजपासून अलर्ट मलाच येऊ द्या. खजूर खाऊन दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात. तुमचं दुरुस्त केलेलं दुरुस्त करायला अर्धा दिवस गेला."

* * *

एकदा चेअरमनसाहेब बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन आमची खोली दाखवायला आले. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार. सर इस्त्रीच्या शर्टात समजावून सांगत होते. त्यांना कल्पना नव्हती, आणि मलाही नव्हती, की जुना डेटा पुसायची सोय चालू करायची राहून गेल्याने सर्व्हरची डिस्क सकाळीच भरली होती आणि सॉफ्टवेअरने विचारणंच बंद केलं होतं. पडद्यावर सकाळचाच हिरवा रंग गोठून बसला होता.

एका पाहुण्याने विचारलं, "पण एखादं केंद्र बंद पडलं, तर तुम्हाला कळतं कसं?"

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं. रफिकभाई ओरडत होते, "मॅडम, काष्टी सकाळपासून बंद आहे. तुमच्याकडे दिसत नाही का?"

सर पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "असं कळतं."

* * *

जामखेडकडचं आमचं एक केंद्र यंदा बंद झालं. तिकडे दूध फारच कमी झालं होतं. केंद्र सांभाळायला सानप काका एकटेच. वयस्कर माणूस, जागाही त्यांच्याच घराला लागून.

त्याच सुमारास दुसरीकडे नवं केंद्र सुरू होणार होतं आणि आमच्या लायसन्समध्ये जागा उरली नव्हती; ऑफिसातली यंत्रंसुद्धा त्यातच मोजलेली. सर म्हणाले, "जामखेडची पेटी लाल झाली की यादीतून काढ आणि तिथे नवीन घाल." मी वाट बघत राहिले. काटा लाल झाला, कॉम्प्युटर लाल झाला, टाकी लाल झाली. राउटरची पेटी मात्र हिरवीच.

शेवटी मी फोन लावला. "काका, केंद्र बंद झालं ना?"

"व्हय ताई. टाकी धुऊन पालथी घातली. गाडी बी येत न्हाई आता."

"मग पेटी चालू कशी?"

"ती मीच चालू ठेवलीया. लाइट गेली की बॅटरीवर टाकतो."

"कशासाठी?"

"मागं एकदा ती लाल झाल्ती, तवा तुमी जेवता जेवता उठून फोन केल्ता. लई घाबरल्या हुत्या. म्हनलं, कशाला पोरीच्या जिवाला घोर."

"बरं काका," एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांनी समोरून विचारलं, "काढलं का जामखेड?"

मी त्यांना काकांचं बोलणं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"दुसरं काहीतरी काढ," ते म्हणाले.

"काय काढू सर? सगळी केंद्रं चालू आहेत."

"माझा प्रिंटर काढ."