चौथ्या चेंबरचे सोळा डिग्री

आज सकाळी धुळ्याहून सलीमभाईंचा फोन आला. चारही चेंबरचे आकडे बोर्डावर आहेत आणि ते हलतायत, हे त्यांनी स्वतः दहा मिनिटं समोर उभं राहून पाहिलं. तेव्हा कुठे मी फोन खाली ठेवला...

सलीमभाई गेली तीसेक वर्षं केळी पिकवायच्या चेंबरचं काम बघतात. चेंबर म्हणजे जाड भिंतींच्या मोठ्या बंद खोल्या. पिकताना केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो आत साचत जातो. वास नाही, रंग नाही. जास्त साचलेला असताना माणूस आत गेला तर हाक मारायच्या आत खाली बसतो.

म्हणून बाहेर बोर्ड असतो. प्रत्येक चेंबरचं तापमान आणि या वायूचं प्रमाण त्यावर दिसतं. हिरवा आकडा म्हणजे आत जा, लाल म्हणजे थांबा.

बोर्डामागे एक छोटं लिनक्स मशीन आहे, ते परवा बंद पडलं. त्याच मालकांचे नशिराबादला अगदी असेच चार चेंबर आहेत आणि तिथलं मशीन मीच बसवलेलं. म्हटलं, सगळं नव्याने मांडत कशाला बसायचं? तिथल्या डिस्कची हुबेहूब कॉपी, म्हणजे क्लोन करू आणि धुळ्याच्या नव्या मशीनमध्ये घालू.

ही सवय जुनी. मी वीस वर्षं जळगावात एका दैनिकाची पानं लावली. कालचं पान उघडायचं, त्यावर आजच्या बातम्या चढवायच्या, आणि सोडायच्या आधी तारखेच्या ओळीवर बोट ठेवून बघायचं. कालची तारीख छापून गेली की दिवसभर फोन घेत बसावं लागतं. आता पानं सुटली, ओळखीच्यांची मशीनं सांभाळतो... वेग तेवढा तोच राहिला.

तर काल डिस्क घातली, मशीन चालू केलं, बोर्डावर चारही चेंबरचे आकडे उगवले. सगळे हिरवे. सलीमभाई म्हणाले, चहा घेऊन जा. मी म्हटलं, जळगावची बस चुकेल.

पारोळं जवळ आलं तेव्हा सहज मोबाइलवरून धुळ्याचं मशीन उघडायला गेलो. उत्तर नाही. पुन्हा बघितलं... नाही. केबल सैल असेल म्हणून सलीमभाईंना फोन लावला.

"केबल टाइट आहे. बोर्ड तर एकदम मस्त चालू," ते म्हणाले. "चौथं चेंबर खाली आहे, दरवाजा सताड उघडा, तरी सोळा डिग्री दाखवतो. तुमचं मशीन फार हुशार आहे, भाऊ. चला, मी तिसऱ्यात जातो, माल बघतो." फोन बंद.

मला क्षणभर हसू आलं. मग खिडकीबाहेर बघितलं.

बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं आणि उघड्या, रिकाम्या चेंबरमध्ये सोळा डिग्री? ते आकडे धुळ्याचे नव्हतेच. नशिराबादचे होते... कॉपी केली त्या क्षणाचे, डिस्कबरोबर आलेले. मशीन नेटवर्कला जोडलंच गेलं नव्हतं. म्हणून मला उत्तर येत नव्हतं, आणि चेंबरमधल्या सेन्सरचं काहीच बोर्डापर्यंत पोचत नव्हतं.

आणि तो शिळा हिरवा आकडा बघून सलीमभाई आत निघाले होते.

त्यांचा फोन लागेना. चेंबरच्या भिंतींतून रेंज जात नाही, हे मला माहीत होतं. तरी मी चार वेळा लावला.

गेटवर मंगलाअक्का बसतात. मशीन बंद पडल्याचं त्यांनीच कळवलं होतं, म्हणून नंबर होता. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मी काय बोललो ते नीट आठवत नाही, पण शेजारचे आजोबा माझ्याकडे वळून बघायला लागले होते.

"थांब, देखीसन सांगस," अक्का म्हणाल्या आणि बघायला उठल्या. फोन तसाच चालू. त्यांच्या चपलांचा आवाज लांब लांब गेला... मग काहीच नाही. आयुष्यात इतका वेळ मी कशाचीच वाट पाहिलेली नाही.

चपला परत आल्या. "दार उघडं टाकीसन बाहेर चहा पी ऱ्हायनात. काय व्हयनं?"

सलीमभाई शिकले तेव्हा बोर्ड नव्हते. दार उघडायचं, खाली रिकामा क्रेट अडकवायचा, पंखा लावायचा आणि बाहेर बसून अख्खा चहा प्यायचा. मगच आत. बोर्ड आल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. मागे एकदा मीच म्हणालो होतो, आता कशाला हा वेळ घालवता?

कुणालाही आत सोडू नका असं अक्कांना सांगून मी पारोळ्याला उतरलो आणि उलटी गाडी धरली.

धुळ्याला पोचल्यावर दोष सापडायला पाच मिनिटं लागली. मशीनला नेटवर्कशी जोडणाऱ्या प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा असतो. नशिराबादच्या कार्डाचा नंबर एका फाइलमध्ये पक्का करून ठेवलेला, आणि ती ओळ काही वर्षांपूर्वी मीच हाताने लिहिलेली. कॉपीबरोबर तीही आली. मशीन त्या जुन्या कार्डाची वाट बघत बसलं, समोरचं नवं कार्ड त्याच्या हिशेबी नव्हतंच.

कालची तारीख... मी बोट ठेवून बघितलंच नव्हतं.

ओळ बदलली, मशीन पुन्हा चालू केलं. चौथं चेंबर एकदम एकोणचाळीसवर गेलं. तिसऱ्यातला वायू दार उघडं राहिल्याने उतरला होता. आधी किती होता, ते आता कुणालाच कळणार नाही. आणि दुसरं, जे सकाळपासून बंदच होतं... लाल.

सलीमभाईंनी तो लाल आकडा बघितला. मग मला म्हणाले, "तुम्ही तेव्हाच चहाला थांबला असता ना भाऊ, तर चौथ्याचा जोक मी तुम्हाला इथेच सांगितला असता."

मी पुन्हा मशीनसमोर बसलो.

मिनिटभर नवा आकडा आला नाही तर बोर्ड कोरा व्हायला हवा, असा बदल काल तिथेच बसून केला. उद्या नशिराबादला तोच करायचा आहे. परवा धुळ्याचं तिसरं चेंबर रिकामं करणार आहेत. सलीमभाई दार उघडतील, क्रेट अडकवतील, बाहेर येऊन बसतील. मी सकाळच्या बसने जातोय... परतीची वेळ बघितलेली नाही.