सोय आहे

जिन्याखालच्या खोलीत इस्त्रीमावशी एकोणीस वर्षं राहिली. खोली म्हणजे काय, ताठ उभं राहिलं की डोकं सहाव्या पायरीला लागायचं. नवरा इमारतीचा पहारेकरी होता, तेव्हा ती मिळाली. नवरा गेला, खोली राहिली. काढून घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि लिहून द्यावी असंही नाही.

कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मावशीने प्रत्येक घराला एकेका दोऱ्याचा रंग ठरवून दिला होता. कॉलरच्या आत एक टाका, बस. पुढे लोक जादा किल्ल्या तिच्याकडे ठेवू लागले, तेव्हा त्यांनाही तेच दोरे बांधले गेले. अकरा घरं, अकरा किल्ल्या. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी शाळेतून आली की निळ्या दोऱ्याची किल्ली घेऊन वर पळायची. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा सदरा दोन दिवस खाली आला नाही, तर मावशी जाऊन दार वाजवायची.

"जिवंत आहे गं बाई," आतून आवाज यायचा. "सुरकुत्या फक्त सदऱ्यावर नाहीत आता. सगळ्यांना कुठे इस्त्री करशील?"

मग लिफ्ट बसवायचं ठरलं, तेही आजोबांच्या गुडघ्यांसाठी. लिफ्टला जागा मिळणार होती ती जिन्याखालीच. सेक्रेटरी सभ्य माणूस. भर सभेत त्यांनी विचारलं, "मावशी, तुमची दुसरीकडे सोय आहे ना?"

चारचौघांत हात पसरायची तिला सवय नव्हती. शिवाय धाकटा भाऊ प्रत्येक भेटीत म्हणायचाच, "ताई, हे घर आपलंच समज."

"आहे की," ती म्हणाली.

सभेचा जीव भांड्यात पडला. सेक्रेटरींनी वहीत नोंद केली: सोय आहे.

भावाकडे नवव्या दिवशी भावजयीने चहाचा कप पुढे ठेवला. "मग वन्सं, पुढचं काय ठरवलंय?"

भावाने वर्तमानपत्रात डोकं घातलं. क्रिकेटमधलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण त्या दिवशी तो खेळांचं पान दोनदा वाचत बसला.

"ठरलंय ना," मावशी म्हणाली, "इमारतीतच बघतेय काहीतरी." भावजय वाईट नव्हती. दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती आणि सहावीचं अंथरूण रोज दारात यायचं.

ती तीन खोल्या बघून आली. प्रत्येक घरमालकाने विचारलं, काम काय करता? काम होतं ते जिन्याखाली. खोलीशिवाय इस्त्रीचं टेबल मांडता येईना, आणि टेबलाशिवाय खोली मिळेना. शेवटी ती एसटी स्टँडच्या बायकांच्या प्रतीक्षागृहात राहू लागली. साडीची घडी तिने मोडू दिली नाही, त्यामुळे बघणाऱ्याला ती बसची वाट बघणारीच वाटायची. भावाला वाटत होतं, ताई इमारतीत परतली. इमारतीला वाटत होतं, ती भावाकडे सुखात आहे.

लिफ्ट छान चालली. निळ्या दोऱ्याची मुलगी आई येईपर्यंत पायरीवर बसू लागली. आजोबा न्हाणीघरात पडले, ते तिसऱ्या दिवशी कळलं. वाचले, पण मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. खाली आणताना लिफ्टचा उपयोग झाला.

मग एके दुपारी सेक्रेटरींच्या घरच्या बाईंचं दार वाऱ्याने आपटलं आणि किल्ली आत राहिली. त्यांना पिवळा दोरा आठवला. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई? ती तर तुमच्याकडेच आहे ना?"

पायरीवरच्या मुलीने मान वर केली. "मावशी स्टँडवर असते. आमची शाळेची बस तिथे थांबली की मला हात करते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

बाई स्टँडवर पोचल्या. "अहो मावशी! कुठे निघालात?"

"कुठे नाही." मावशीने पिशवीतून जुडगा काढला. पिवळा दोरा एका नजरेत सापडला. कुणी मागितल्या नाहीत, म्हणून अकराही किल्ल्या तिच्याजवळच राहिल्या होत्या.

"बरं झालं बाई. हल्ली असता कुठे?"

सवयीचे दोन शब्द तोंडाशी आले. मावशीने हातातल्या जुडग्याकडे बघितलं.

"इथेच असते. सोय नाही माझी. तेव्हाही नव्हती."

"अगं बाई! मग सांगायचं नाही का? आमचं घर आपलंच..." बाई मध्येच थांबल्या.

मावशीने पिवळी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली, पण बोट काढलं नाही.

"पुढे?" तिने विचारलं.