रुमालाखालचा हात

त्या दिवशी कपिलधारच्या देवळात मी देवाशी सौदा करायला गेलो होतो. खिशात गोळ्या होत्या आणि डोक्यात राग. माझ्या थरथरत्या हाताचं काहीतरी कर, नाहीतर या गोळ्या तुझ्याच धबधब्यात टाकतो आणि परत बाटलीकडे जातो, असं त्याला तोंडावर सांगायचं ठरवून घरातून निघालो होतो. असा नवस कोणी बोलत असेल की नाही, मला माहीत नाही. मला बोलायची रीत तेवढीच येते.

मी जनावरांचा व्यापारी. वडील दुसऱ्यांच्या शेळ्या राखायचे. मी एका शेळीपासून सुरुवात करून बाजारात नाव मिळवलं. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. त्या काळात मी सकाळपासून प्यायचो. झोकांड्या खात उभा असलो तरी माझ्या रुमालाखाली हात घालायला माणसं थांबून राहायची. तेव्हा कोणी म्हणालं नाही की हा माणूस बिघडलाय.

पुढे एकदा बायकोने मला विहिरीच्या काठावरून मागे ओढलं. तिनेच बीडच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. डॉक्टर म्हणाले, दारू सुटेल, पण तिच्याखाली नैराश्याचा जुना आजार दबलेला आहे, त्याचंही औषध घ्यावं लागेल. मी घेतलं. दारू सुटली. पहिल्यांदाच कोरड्या तोंडाने बाजारात गेलो, आणि वीस वर्षं माझ्याबरोबर धंदा केलेल्या भागीदाराने माझ्या रुमालाखालून हात काढून घेतला. चारचौघांत हसून म्हणाला, "ह्याचा हात बघा रं, कसा हालतोय. येड्याच्या गोळ्या खातंय हे. उद्या सौदा इसरलं तर धरायचं कुणाला?" माणसं हसली. पूर्वी मला बाटल्या आणून देणारा हाच माणूस. त्यानंतर तीन महिने माझा रुमाल खांद्यावरच राहिला. कोणी हात दिला नाही.

कपिलधारला त्या दिवशी गर्दी नव्हती. मी पाण्याजवळच्या पायरीवर गोळ्या हातात घेऊन बसलो होतो. एक म्हातारी शेळीची दोरी धरून आली आणि शेजारी टेकली. बाजाराला निघाले होते, म्हणाली, वाटेत देवाला भेटून जावं म्हटलं. माझ्या खांद्यावरचा रुमाल बघून तिने विचारलं, "व्यापारी दिसतूस. ह्या शेळीचं काय देशील?"

मी म्हणालो, "आजी, माझ्या हाताला कुणी हात देत न्हाई."

"मी कुणाला इचारलं का?" असं म्हणून तिने पदर पुढे ओढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. आमच्यात बायका असा सौदा करत नाहीत. तिने मात्र सराईतासारखी बोटं दाबली. मी भाव खाली ओढला, तिने वर नेला. सवय ती सवय, माझी घासाघीस सुरू झाली. आणि मग माझ्या लक्षात आलं, पदराखाली दोन हात थरथरत होते. मी वर बघितलं. तिने हात काढला नाही.

"गोळीनं व्हतंय," ती म्हणाली. ऊन लई हाय म्हणावं, इतक्या सहज. चंची सोडून सुपारी-चुन्यातून तिने गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. मुलगा गेल्यावर दोन वर्षं ती माळावर त्याच्याशी बोलत हिंडली होती. बाहेरचं झालंय म्हणून लोकांनी तिला झाडलं, कोंडलं. गावातल्या आशा सेविकेने दवाखान्यात नेलं तेव्हापासून गोळी सुरू आहे. पुजाऱ्यासमोर घेते म्हणाली, तीर्थाबरोबर.

मी कशाला आलो होतो ते तिला सांगितलं. ती हसली. "हात लई हालत आसंल तर डाक्टरला सांग. देवाला कावून मधी घालतूस? गोळी काय त्यानं दिलीया?" मग म्हणाली, "आन् त्यानं दिली आसंल, तर फेकतूस कशाला?"

समोरचा नमेपर्यंत बोटं सोडायची नाहीत, ही माझी आयुष्यभराची सवय. त्या दिवशी मी ती सैल सोडली. म्हणालो, "तुमी म्हणाल ते." हे मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं. म्हणताना जाणवलं, ऐकणारी ती एकटी नाही. मग ओंजळीत पाणी घेऊन मी त्या दिवसाची गोळी गिळली.

शेळी घेतली. ती म्हातारी नंतर मला बाजारात दिसली नाही, देवळातही दिसली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. माझा हात तिने धरला होता, एवढं मला पुरे आहे.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी औषधात बदल केला. थरथर कमी झाली, पूर्ण गेली नाही. पुढच्या बाजाराला मी भागीदाराच्या शेजारीच उभा राहिलो, चहा मागवला आणि सगळ्यांसमोर गोळी काढून खाल्ली. म्हणालो, "नीट बघा. ही खातो म्हणून जिता हाय. पिऊन पडत व्हतो तवा हात दिलात, मग आता कावून न्हाई?" तो दुसरीकडे बघायला लागला. मी हातावर रुमाल पसरला आणि उभा राहिलो. चहा गार झाला. शेवटी एक मेंढपाळ पुढे आला आणि त्याने रुमालाखाली हात घातला. बोटं दाबलीच नाहीत. कानाजवळ येऊन हळूच विचारलं, "डाक्टर कुठं बसतो? भावाला दावायचंय."

मी त्याचा हात घट्ट धरला. तो काय बोलला ते कोणाला कळू दिलं नाही. पण माझा डॉक्टर कुठे बसतो, कोणत्या वारी भेटतो, ते मोठ्या आवाजात सांगितलं, भागीदारालाही ऐकू जाईल असं. माझ्या आजाराला रुमालाची गरज नव्हती.

भागीदाराला मी अजून माफ केलेलं नाही. ते जमेल तेव्हा जमेल, तेही देवावर सोडलंय. शेळी दारात बांधलेली आहे. तिला गिऱ्हाइकं येतात, मी रुमाल काढत नाही. रोज सकाळी तिच्यासमोर गोळी घेतो, कपिलधारच्या दिशेने हात जोडतो. जोडलेले हात थोडे हलतात. हलू देत.