पिवळा केलेला चौकोन

प्रेझेंटेशनला वीस मिनिटं उरली होती आणि आमचे डायरेक्टर कुलकर्णी सर माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून विचारत होते, “हा लाल काढता येईल का?”

आम्ही क्लायंटच्याच कॉन्फरन्स रूममध्ये होतो, म्हणून मराठीत बोलत होतो. दिल्लीत आम्हा मराठी माणसांची ही एक सोय आहे, समोरच्याला कळत नाही.

फरीदाबादचं कापड रंगवणारं युनिट होतं, माल परदेशी ब्रँडना जाई. माझं काम सस्टेनेबिलिटी स्ट्रॅटेजीचं. म्हणजे पाणी, वीज, ऊन, सरकारी नियम यांतलं काय उद्या धंद्याच्या मुळावर येईल ते आज सांगायचं आणि तयारी करून घ्यायची. त्यासाठी रिस्क मॅट्रिक्स नावाचा तक्ता असतो. लाल म्हणजे आत्ताच हात घाला, पिवळा म्हणजे नजर ठेवा, हिरवा म्हणजे निवांत. बोर्डातली माणसं रिपोर्ट वाचत नाहीत, रंग बघतात.

माझ्या तक्त्यात एकच चौकोन लाल होता, बोअरवेलचा. तो मी मनाने रंगवला नव्हता. प्लांट इन्चार्ज त्यागीजी दर सोमवारी वजन बांधलेली दोरी बोअरमध्ये सोडत, कुठवर भिजली ते मोजत आणि रजिस्टरमध्ये लिहीत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाणी दर उन्हाळ्यात खाली जात होतं आणि पावसाळ्यानंतर पूर्वीइतकं वर येत नव्हतं. वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारा प्लांट लगेच बसवा, असं मी सुचवलं होतं. उभा राहायलाच त्याला वर्षभर लागतं.

“मेरी तो रोज़ सुनते हैं, इसलिए नहीं सुनते,” रजिस्टर देताना त्यागीजी म्हणाले होते. “आपकी सुनेंगे, मैडम.”

सरांचं म्हणणं, लाल दिसला की हे मालक कन्सल्टंट बदलतात. शिवाय हाच रिपोर्ट ब्रँडकडे जाणार. “पिवळा कर यार. रजिस्टरचे आकडे अ‍ॅनेक्श्चरमध्ये टाक. आपण लपवत थोडेच आहोत?”

अ‍ॅनेक्श्चर म्हणजे रिपोर्टच्या शेवटची पुरवणी. तिथे टाकलं की खोटेपणाचा ठपका येत नाही, आणि कुणी वाचतही नाही. वेड पांघरून पेडगावला जायची आमच्या धंद्यातली ही जुनी वाट. मी काही नवखी नव्हते आणि मला कुणी दरडावलंही नव्हतं. मी दोन क्लिक केले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यागीजी बसले होते. आमची भाषा त्यांना कळली नसेल, पण माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता; मागच्या पडद्यावर चौकोनाचा रंग बदलला तो त्यांनी पाहिला.

प्रेझेंटेशन छान झालं. छतावर सोलर बसवायचं एकमताने ठरलं, कारण सोलर फोटोत दिसतं. पाण्याचा विषय पुढच्या रिव्ह्यूला गेला. निघताना मी वायर गुंडाळण्यात फार वेळ घालवला, त्यागीजींशी नजर मिळवायची नव्हती.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात बोअर आटली. टँकरच्या खाऱ्या पाण्यात रंग सारखा बसेना. माल नापास झाला, ब्रँडने ऑर्डर दुसरीकडे नेली आणि दिवाळीआधी युनिटला कुलूप लागलं. मालकांचं दुसरं युनिट होतं, ते तिकडे गेले. कामगारांना जायला काही नव्हतं. त्यागीजी एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागले, असं कळलं.

फोन करायला मला कितीतरी दिवस लागले. शेवटी एका रविवारी मयूर विहारच्या घरातून केला आणि सरळ माफी मागितली. मला फार लाज वाटत होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“उस दिन मैं रजिस्टर साथ लेके बैठा था,” ते म्हणाले. “आप एक बार बोल देतीं, तो मैं भी खड़ा हो जाता.”

आमच्या धंद्यात धोका शोधून काढायला आमची गरज क्वचितच असते. तो कारखान्यातल्या कुणाला तरी आधीच ठाऊक असतो. आम्हाला बोलावतात ते मोठ्याने सांगायला. तेवढंच एक काम माझ्याकडे होतं आणि ते मी केलं नाही.