तिसऱ्या रांगेतलं प्रॉम्प्टिंग

भर नाटकात, माझी नात रंगमंचावर एकटी उभी असताना, मी प्रेक्षकांतून ओरडून तिला प्रॉम्प्ट केलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी अवघी बासष्टीची, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. पण ते सांगायचं तर आधी तिच्या नाटकाच्या बाईंबद्दल सांगायला हवं. मुलांना गप्प उभं राहायला शिकवणारी आणि स्वतः क्षणभरही गप्प न बसणारी अशी दुसरी बाई शारजातच काय, अख्ख्या आखातात झाली नसेल.

बाई कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या. तिथे म्हणे त्यांनी चर्चच्या आवारात, मासळी बाजारात, एकदा तर बालसुधारगृहातही नाटकं बसवली. मग दोन वर्षांसाठी म्हणून इकडच्या एका शाळेत नाटक शिकवायला आल्या आणि आपण सगळे जसे दोन वर्षांसाठी येतो तशाच राहून गेल्या. शनिवारी शारजातल्याच अल मजाज भागातल्या एका हॉलमध्ये त्यांचा वर्ग असे. त्यांनी वर 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हटलं की खाली पार्किंगमधले ड्रायव्हर गाड्या सुरू करत. पर्समध्ये कायम घरच्या मिरच्यांच्या सॉसची बाटली. माझा बटाटेवडा पहिल्यांदा खाऊन कौतुकाने म्हणाल्या, "छान आहे, लहान बाळांसाठी करता का?" माझ्या कोल्हापूरच्या माहेराचा असा अपमान माझ्या सासूनेही केला नव्हता. मुलांना त्या मॉलमध्ये नेत आणि लोकांच्या चाली चोरायला लावत. एकदा एका सिक्युरिटी गार्डच्या मागे बाई आणि सगळी मुलं ओळीने त्याच्याच चालीत चालत गेली. तो वळला, तर बाईंनीच त्याला विचारलं, "डावा गुडघा कधीपासून दुखतोय, हबीबी?" तो बिचारा बाकावर बसून सगळी हकिगत सांगत राहिला. त्यांच्या नाटकात कोणी नुसतं झाड नसे. "या लग्नाबद्दल झाडाचं मत काय?" असं विचारून झाड झालेल्या मुलाला त्या रडकुंडीला आणत. कपडेपट आम्हा आज्यांकडे. माझी निळी नऊवारी तर त्यांचा समुद्र झाली. "नऊ वार? मग लाटाही निघतील," म्हणाल्या.

माझी नात म्हणजे शाळेत हजेरीलाही नुसता हात वर करणारी. माझ्या मुलाने जाहीर केलं होतं, "आई, हे शेवटचं नाटक. यातही तोंड उघडलं नाही तर शनिवारी मॅथ्सची ट्यूशन." आणि बाईंनी या मुक्या पोरीला चक्क मुख्य काम दिलं, इंग्रजी नाटकातल्या, वादळात होडी घेऊन गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या कोळिणीचं. घरी पाठांतर घेणारी मी. मला नाटक थोडंच नवं होतं? तरुणपणी दुबईच्या करामामध्ये आमच्या मंडळाच्या गणपतीत मी प्रॉम्प्टर असायचे. विंगेतून इतक्या जोशात वाक्यं द्यायचे की प्रेक्षकांना ती दोनदा ऐकू यायची आणि त्यांना माझंच जास्त पटायचं. नायिका रुसली, तर ते कलावंतांचं वैर समजून मी आठवडाभर गजरा माळून मिरवले होते.

तर प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेत. नात माझ्या नऊवारीपुढे आली, उभी राहिली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. ती शांतता बाईंनी मुद्दाम बसवली होती, महिनाभर घासूनपुसून. पण घरच्या पाठांतरात शांतता कोण म्हणून दाखवणार? मला समोर ट्यूशन दिसू लागली आणि करामातला तो जुना गळा आपोआप उघडला, "ही इज कमिंग, म्हण गं, ही इज कमिंग." मागच्या रांगेत आमच्या मंडळाच्या जुन्या बायका होत्या, त्यांनीही मदतीला तेच वाक्य धरलं. हॉल खो खो हसला. शेजारी माझ्या मुलाने डोळे मिटून घेतले.

नातीने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, रडली नाही. कोळिणीच्याच आवाजात म्हणाली, "आजी, आय नो. वेट." आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. सगळे असे चिडीचूप झाले की एसीची घरघर लाटांसारखी ऐकू यायला लागली. मग तिने ते वाक्य म्हटलं, अगदी हळू, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मुलाने रुमाल काढला. मॅथ्स तिथेच खलास.

मी मात्र शरमेने पार्किंगमध्ये जाऊन गाडीमागे लपले. बाईंनी शोधून काढलंच. मी सॉरी म्हटलं, तर त्या काही बोलेचनात. त्यांना गप्प असं मी तेवढं एकदाच पाहिलं. यंदा त्या कायमच्या आपल्या बेटावर परत गेल्या. तो समुद्र मी त्यांच्या बॅगेत घडी करून घातला. आता शनिवारी खाली गाड्या आपापल्या वेळेला सुरू होतात. पण त्या दिवशी गाडीच्या टपावर हात ठेवून त्या शेवटी जे बोलल्या, ते त्यांचं इंग्रजी माझ्या मराठीत जसंच्या तसं सांगते. "माझी आई माझ्या प्रत्येक प्रयोगाला अशीच ओरडायची. ती गेल्यापासून माझ्या नाटकात कोणी ओरडलं नव्हतं. पुढच्या वेळीही तिसऱ्याच रांगेत बसा, आजी."