आज नको म्हणणारे वॉचर

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत. वाचणाऱ्याने त्याबद्दल माफ करावं. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांनी आमच्या वॉचरांबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

वॉचर बोलायच्या आधी खांद्यावरचा पंचा काढायचे. त्याचं एक टोक दोन बोटांत धरून हात लांब करायचे आणि पंचा कुठे जातो ते बघायचे. मग पंचा परत खांद्यावर आणि मग बोलणं. काजूखाली भाकरी खायला बसलो तरी आधी पंचा. आम्ही बायका हसायचो.

"काय वॉचरानु, भाकरेक वारो लागता काय?"

ते गंभीर तोंडाने म्हणायचे, "सदर भाकरी वाऱ्याक पाठ करून खावची. कुसळा उडतत."

हा 'सदर' शब्द ते आंबोलीहून घेऊन आले होते. तिथे जंगल खात्याच्या कामावर काही वर्षं होते. नंतर आमच्या सड्यावर खात्याने काजूची रोपं लावली, तेव्हा रोजंदारीवर वॉचर म्हणून इथे आले. गावचेच होते, पण आता त्यांच्या बोलण्यात साहेब आला होता. सदर कोयता, सदर कळशी. बायकोला सुद्धा म्हणायचे, "सदर आमटेत मीठ नाय." त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाला गावाने नाही ते चिकटवलं. मी आणखी हात लावणार नाही.

सडा म्हणजे काय ते आमच्याकडे न आलेल्यांना सांगते. नुसता तांबडा कातळ, त्यावर पावसात कमरेएवढं गवत. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि कुणकेश्वरची शिवरात्रीची जत्रा होईपर्यंत वाजायला लागतं. विडीचं थोटूक पडलं तरी वणवा. म्हणून पौषात रोपांच्या कडेने गवत कापून एक रुंद पट्टी काढायची आणि ती आपणच जाळून काळी करून ठेवायची. वणवा तिथे आला की खायला काही मिळत नाही. त्या पट्टीला वॉचर जाळरेषा म्हणायचे. "आगीक उपाशी ठेव, ती आपसूक मरतली," हे त्यांचं रोजचं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा बायकांना राखेत काठीने एक जनावर काढून दाखवलं. "ह्या आगीचा तोंड. वारो जाता तिकडे ह्या जाता. ह्या दोनय बाजूक कुशी. आणि ही शेपूट. तोंडासमोर कोणी उभ्या ऱ्हवलात तर दिसाचो रोज कापीन. शेपटीकडसून धरूची आणि कुशीवरसून मारीत पुढे जावचा."

माझी सासू गँगमध्ये सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "ह्या तुझा रेडको दिसता रे."

"दिसांदे. शिंगा लागली काय कळतला."

ठिणगी उडून पलीकडे दुसरी आग लागली की ते ओरडायचे, "पिल्लू घातल्यान!" आणि वरून विझलेल्या पण आतून धुमसणाऱ्या आगीला म्हणायचे निजलेली. ती डोळ्यांना दिसत नाही. उलट्या हाताने राख चाचपत जायचं. ऊन डोक्यावर आणि आम्ही गुडघ्यावर बसून राख चाचपतोय, बाळाचं कपाळ बघावं तशी. एकदा एकीने चुकारपणा केला, तर सबंध रेषा परत चाचपायला लावली. त्या दिवशी आम्ही त्यांना काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

फार खाष्ट माणूस. स्मशानात सुद्धा सोडायचे नाहीत. माझा नवरा सांगत होता, वाडीतला एक म्हातारा गेला, चिता रचून झाली, मुलगा रडतोय, आणि वॉचरांनी त्याच्या हातात खुरपं दिलं. "रड मागीर. आधी भोवतालचा गवत खरवड. बापूस एकटोच जळूक होयो." लोकांना राग आला. पण खरवडलं.

आता त्या दिवसाचं. इथे माझा हात जरा जोरात टेकतो, कागद फाटला तर फाटला.

त्या वर्षी जाळरेषा राखणदार देवाच्या पाषाणाजवळून जात होती. तिथे विस्तव लावायचा तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं, नारळ ठेवायला हवा. ते बरोबरच आहे. मीही त्या देवाला मानते. गावात थोरलं आणि धाकटं अशी दोन मानकरी घराणी; वॉचरांनी चार दिवस आधीच दोन्ही मानकऱ्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं, सकाळी लवकर या. कारण आमच्याकडे सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तेव्हा पेटवलं की आग पश्चिमेला उघड्या कातळावर जाऊन मरते. दुपारी वारा फिरतो आणि समुद्राकडून वाडीवर येतो. हे शाळेत शिकवत नाहीत. हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोराला ठाऊक असतं.

आम्ही उजाडताना उभ्या होतो. हातात ओले डहाळे, कळश्या भरलेल्या. मानकरी आले उन्हं चढल्यावर. आणि आले ते भांडतच.

धाकटे म्हणाले, "गाऱ्हाणा आमच्या घराण्यान घालूचा. माझ्या आजान घातलेला."

थोरले म्हणाले, "तुझ्या आजान नारळ फोडलेलो. गाऱ्हाणा आमचा."

मग कोणाच्या आजाने काय केलं ते सुरू झालं. पणजापर्यंत गेलं. एका नारळावर दोन हात, कोणीच सोडेना. आमच्या हातातले डहाळे सुकले. सासू कळशी उपडी करून तिच्यावर बसली. वॉचर एकदा पंचा धरायचे, एकदा मानकऱ्यांकडे बघायचे. पंचा आधी समुद्राकडे जात होता. मग नुसताच हलायला लागला. शेवटी गाऱ्हाणं थोरल्यांनी घातलं, नारळ धाकट्यांनी फोडला. तोवर पंचा सरळ खाली लोंबत होता.

वॉचर म्हणाले, "वारो पडलो. आता फिरतलो. आज नको. सदर काम फाल्या सकाळी."

थोरले म्हणाले, "गाऱ्हाणा घालून झाला, नारळ फुटलो. आता देवाक काय सांगूचा, फाल्या ये?"

"देवाक मी सांगतंय. माझ्यावर सोडा. आज नको."

मागून कोणीतरी म्हणालं, "भियालो रे वॉचर!" आणि सगळे पुरुष हसले. हसायला काय झालं होतं? घरात चूल पेटवताना ज्यांची बायको वारा नको म्हणून दार लोटून घेते, तेच हसत होते.

थोरल्यांनी वॉचरांच्या हातातली झावळांची चूड ओढून घेतली आणि पेटवली. वॉचर पुन्हा म्हणाले, "आबानु, आज नको." हे मी ऐकलं. सासूने ऐकलं. सड्यावर होते त्या सगळ्यांनी ऐकलं. थोरल्यांनी चूड गवताला लावली.

थोडा वेळ आग शहाण्यासारखी बसून होती. थोरले आमच्याकडे बघून मिशीत हसले सुद्धा. मग समुद्राकडून वारा आला.

"तोंड फिरला! बायांनो, शेपटीकडे! डहाळे टाका, पळा!" वॉचरांनी आधी आम्हाला हाकललं. मी उभीच राहिले होते. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला कातळावर ढकललं. इतक्या जोरात की गुडघा फुटला. मी आज लिहिते आहे ती त्या ढकलण्यामुळे. मग ते एकटे कुशीवर मारत पुढे गेले. पण आगीने रोपांत पिल्लं घातली, मग पिल्लांनी पिल्लं. खात्याची रोपं गेली. धाकट्या मानकऱ्यांची काजूबाग गेली. वाडीतल्या गवताच्या उडव्या गेल्या. माणूस कोणी गेलं नाही. वॉचरांची पाठ आणि डावा हात भाजला. पंचा अर्धा जळला.

आठ दिवसांनी देवळात गाव बसला. पुरुष आत, आम्ही बायका पायरीखाली. वॉचरांच्या हाताला केळीचं पान बांधलेलं होतं.

धाकटे म्हणाले, "सड्याचो वॉचर कोण? तू. मगे आग कोणाची?"

वॉचर उभे राहिले. "सदर आग माझी नाय. मी आज नको म्हटलंय. इतक्या जणांनी ऐकलेला. कोणी एकान सांगा. माका दुसरा काय नको."

खरंच त्यांना दुसरं काही नको होतं. एका माणसाने एक वाक्य बोलायचं होतं. जे सड्यावर दात काढून हसले होते ते आता देवळाचे वासे बघत होते. थोरले पान लावत होते. चुना लावताना त्यांचा हात जराही हलला नाही, हे मला अजून दिसतं.

माझी सासू खालून ओरडली, "म्हटलेला तेणी! आमी ऐकलेला!"

"बायल माणसांनी गप ऱ्हवचा," आतून आवाज आला. झालं. आमचं ऐकणं ऐकण्यात धरत नाहीत हे मला त्या दिवशी समजलं. कामाला मात्र आमचे हात चालतात.

गावाने ठरवलं, धाकट्यांच्या बागेची भरपाई वॉचरांनी द्यायची, नाहीतर त्यांच्या घरी कोणी जायचं नाही, मयताला सुद्धा. खात्याने कामावरून काढलं ते वेगळंच. वॉचरांनी दुभती म्हैस विकली, बायकोच्या कानातलं विकलं आणि सगळी भरपाई दिली. धाकट्यांनी ती घेतली. कशी घेववली हातात?

मग ते गाव सोडून बायकोच्या माहेरी नांदगावला गेले. त्या वयात सासुरवाडीला जाऊन राहायचं. जाताना आमच्या दारासमोरच्या खळ्यात उभे राहिले. पंचा धरायला हात खांद्याकडे गेला, पण पंचा तर अर्धाच. सासूला म्हणाले, "राख हातान चाचपा गो. डोळ्यांवर इसवास ठेव नकात." आणि बायकोच्या मागून चालायला लागले.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत सडा दोन्ही वेळा पेटला. जाळरेषा कोणी धड काढली नव्हती. दुसऱ्या वेळी आग थोरल्यांच्या शेतावरच्या मांगरापर्यंत आली, आणि गावाला एकदम देव आठवला. कौल लावायचा ठरला.

देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरव विचारत होता, "देवा म्हाराजा, पूर्वजांची काय चूक झाली?" पाकळी हलेना. "राखणदाराचो मान चुकलो?" हलेना. "बाहेरची बाधा?" सगळे पुरुष हात जोडून, डोळे मिटून. थोरलेही.

सासू तोवर वारली होती. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. दुकानात मीठ मागताना सुद्धा माझा आवाज बसतो. पण ती राख माझ्या पोटात दोन वर्षं निजलेली होती, आणि कोणी चाचपून बघितली नव्हती. मी पायरी चढून आत गेले.

"दुपारचो वारो फिरता, ह्या देवाक कित्याक इचारतास? माझ्या कोंबडेक पण कळता! ज्या माणसान आज नको म्हटल्यान, तेका गावातसून घालवलास. तेची म्हस खाल्लास. आणि आता फुलाक इचारतास चूक खंय झाली?"

नवऱ्याने माझा हात धरला. मी झटकला. आणि उजवी पाकळी पडली.

गाव म्हणतो देवाने कौल दिला. म्हणोत. बाराचा सुमार होता, समुद्राकडून वारा आला होता. पण वाराही त्याचाच, तेव्हा मी त्यावर वाद घालत नाही.

त्या दिवशी ठरलं, वॉचरांचे पैसे परत द्यायचे. देवाची भीती; माणसाची लाज असती तर दोन वर्षं लागली नसती. थोरले मानकरी स्वतः एस.टी.ने नांदगावला निघाले. त्यांच्याबरोबर वॉचरांच्या बायकोच्या ओळखीचं कोणीतरी हवं, म्हणून मला आणि नवऱ्याला घेतलं. गाडीत थोरले खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते.

नांदगावला गेल्यावर कळलं, वॉचर चैत्रातच गेले. छातीत धूर गेल्यापासून खोकला सुटलाच नव्हता. कपाळाला कुंकू नसलेली त्यांची बायको दारात आली. परसात दांडीवर अर्धा जळका पंचा धुऊन घातलेला होता.

मी विचारलं, "वैनी, चितेभोवतालचा गवत खरवडलेला?"

तिला हसू आलं आणि रडूही आलं. "खरवडला गो. भावान. आदल्या दिसापासून तेंचा तांच चललेला, सदर गवत खरवडा म्हणान."

आत गेल्यावर थोरल्यांनी रुमालात बांधलेले पैसे पुढे केले. "वैनी, पुरे आसत. बघून घे."

तिने हात पुढे केला नाही. "पैसे मागीर. आधी सांगा, तेणी त्या दिसा काय म्हटलेल्यान?"

थोरले दाराकडे वळले. मी दारात उभी होते, नवरा माझ्यामागे. आम्ही दोघंही हललो नाही. आज त्यांना वाटेतून जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

"आज नको म्हणालेलो," थोरले म्हणाले. "तीनदा म्हणालेलो. चूड मी लावलंय."

मग वैनीने रुमाल घेतला, सोडून बघितला. पैसे पुरे होते.