उघड्या चोचीचे फोटो

आमच्या काकांना पक्ष्याचा फोटो हवा असतो तो चोच उघडी असलेला. मिटल्या चोचीचा कितीही देखणा निघो, ते पुसून टाकतात. पत्र्याचे डबे ठोकण्याच्या कारखान्यात जन्म गेला आणि ऐन चाळिशीत दोन्ही कान गेले. तेव्हापासून 'ऐकावे जनाचे' हा प्रश्नच मिटला. उरलं 'करावे मनाचे', ते त्यांनी मनसोक्त केलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रायपॉडवर बसणारी मोठी दुर्बीण घेतली. तिच्या भिंगावर फोन नीट बसेना, तर डब्याचं झाकण कापून कडं केलं आणि आतून जुन्या मोज्याची पट्टी लावली. पहाटे तळ्यावर धुकं सरकत असतं. पलीकडच्या काठावर ठिपक्याएवढा बगळा, आणि दुर्बिणीच्या गोलात तोच इतका जवळ, की पापणी मिटलेली दिसते. मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा त्याच्या मानेवरचा थेंब पुसायला चक्क हात पुढे केला होता. त्या गोलात लव्हाळी हलतात, पण सळसळ नसते. तिथे आपण सगळेच काकांसारखे बहिरे.

फोटो निघाला की काका तो शेजारी विणत बसलेल्या काकूपुढे धरतात.

"काय म्हणतोय?"

इतक्या लांबचं काकूलाही ऐकू येत नाही आणि पक्ष्यांतलं तिला ओ की ठो कळत नाही. पण खोटं बोल पण रेटून बोल. खंड्या म्हणे शिवणयंत्रासारखा धावत बोलतो. पाणकावळा थोरल्या मेहुण्यांसारखा घसा खाकरतो. आणि बगळा?

"आपली बेबी पाळण्यात झोपता झोपता हूं हूं करायची ना, तसा," ती ओठ सावकाश हलवत सांगते. काका मान डोलावतात आणि पुन्हा गोलात शिरतात. तेव्हाचा त्यांचा निवांत चेहरा पाहून मला त्यांचा हेवा वाटतो.

यंदा बेबीने वडिलांसाठी कानाचं नवीन यंत्र आणलं. घरात सगळे खूश, काकूचं मात्र चोराच्या मनात चांदणं. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, इतकी वर्षं नुसत्या लोणकढ्या थापा मारल्या मी. आता कळलं तर माझं कुठलंच बोलणं त्यांना खरं वाटायचं नाही. तूच जा बाई त्यांच्याबरोबर."

मी गेले. नेमका त्या दिवशी बगळा अलीकडच्या काठावर उभा होता. काकांनी दुर्बीण लावली, श्वास रोखला, आणि बगळा ओरडला. गंजक्या पत्र्यावर खिळा ओढावा तसा. काका दचकले. बराच वेळ ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले, मग यंत्र काढून खिशात टाकलं. तसेच आम्ही घरी आलो.

काकू दारातच होती, हात ओले.

"बोलला का बगळा?" तिने विचारलं.

काका तिचे ओठ वाचत होते. "बोलला. पण बेबीला सांग, हे यंत्र माणसांपुरतं ठीक आहे. पक्ष्यांचं साफ चुकीचं ऐकवतं."

मग त्यांनी फोन पुढे केला. दचकल्यामुळे फोटो हलला होता, पण चोच उघडी होती.

"काय म्हणतोय?"

काकूने ओले हात पदराला पुसले आणि फोन हातात घेतला. काका तिच्या ओठांकडे बघत उभे राहिले.